पाऊचवरचा आकडा

समर्थक : सरळ मुद्द्यावर येतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आम्ही हार्मोनिक नावाचं कापणारं उपकरण वापरतो. त्याच्या पाकिटावर वर्तुळात २ चा आकडा छापलेला असतो आणि त्यावर तिरकी रेघ मारलेली असते. दुसऱ्यांदा वापरू नका, असा त्याचा अर्थ. ही रेघ कुणा सरकारी प्रयोगशाळेनं तपासून मारलेली नाही, बनवणाऱ्या कंपनीनं मारलेली आहे. अमेरिकी संसदेचं लेखापरीक्षण कार्यालय, म्हणजे जीएओ, यानं हे स्वच्छ नोंदवून ठेवलं आहे. कंपनी असा शिक्का दोन कारणांनी मारू शकते. एक तर ते उपकरण पुन्हा वापरणं भरवशाचं नाही असं तिला वाटत असतं, किंवा ते पुन्हा वापरता येतं हे दाखवणाऱ्या चाचण्या करण्याची तिची इच्छा नसते. पाकीट हातात घेऊन यातलं खरं कारण कुठलं, ते तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही नाही.

मी तालुक्याच्या गावी ऑपरेशनं करतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णाचं पॅकेज ठरलेलं असतं. भूल, औषधं, तपासण्या, खाट, जेवण, सगळं त्यात बसवायचं. हजारो रुपयांचं एक उपकरण एका माणसासाठी फोडायचं आणि तासाभरानं लाल पिशवीत टाकायचं, हे त्या हिशेबात बसत नाही. म्हणून ते धुतलं जातं, ईटीओला, म्हणजे वायूनं निर्जंतुक व्हायला जातं आणि पुन्हा टेबलावर येतं. राज्यात, देशात हे चालतं हे ओटीत उभं राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मग ते चोरून का चालावं? नीट धुतलेलं, तपासलेलं, निर्जंतुक केलेलं उपकरण नव्याइतकंच चांगलं असू शकतं, हे उघडपणे मान्य करून त्याचे नियम का करू नयेत?

साशंक : शिक्का मारण्यात कंपनीचा फायदा आहे, हे मला मान्य. पण कंपनीच्या फायद्यामुळे उपकरण धुण्याजोगं होत नाही. सर, तुमचा तोच हार्मोनिक घेऊ. त्याची टायटॅनियमची पात सेकंदाला सुमारे ५५ हजार वेळा थरथरते. समोरच्या जबड्यात एक पांढरी टेफ्लॉनची पट्टी असते. मांस या दोहोंत दाबलं जातं, त्यातली रक्तवाहिनी बंद होते आणि मग कापली जाते. दोन-चार ऑपरेशनांनंतर ती पट्टी भिंगाखाली धरून पाहा. मधोमध तपकिरी चर पडलेली असते, कडा करपलेल्या असतात. पट्टी झिजली की दाब कमी-जास्त होतो आणि रक्तवाहिनी बंद होण्याआधीच कापली जाऊ शकते. तुम्ही म्हणाल, हाताला कळतं. कळतंही. पण ते कळतं रक्त आल्यावर.

आता त्याची लांबलचक नळी पाहा. जबडा आणि नळी यांच्या सांध्यात रक्त शिरतं. ओटीतले मामा ते नळाखाली धरतात, एन्झाइमच्या पाण्यात बुडवतात, सिरिंजनं आत पाणी मारतात. पहिल्यांदा तांबूस पाणी येतं, मग फिकट, मग स्वच्छ. स्वच्छ पाणी आलं म्हणजे आतली प्रथिनं गेली, असं होत नाही. वाळलेल्या रक्ताचा पातळ थर भिंतीला धरून बसतो. निर्जंतुकीकरणाचा वायू किंवा वाफ त्या थराखाली पोचेलच याची खात्री नसते. निर्जंतुकीकरणाच्या शास्त्रात याचा क्रम ठरलेला आहे : आधी स्वच्छ करा, मग निर्जंतुक करा. पहिली पायरी चुकली की दुसरीला अर्थ राहत नाही. आणि जे उपकरण उघडता येत नाही, ज्याच्या आत ब्रश जात नाही, ज्याच्या पोटात डोळ्यानं पाहता येत नाही, त्याची पहिली पायरी तुम्ही कशी तपासणार?

नुसता तर्क नको, आपल्याकडचा अनुभवच सांगते. दुर्बिणीचं ऑपरेशन होतं, रुग्ण तिसऱ्या दिवशी हसत घरी जातो, टाके कोरडे असतात. तीन-चार आठवड्यांनी बेंबीजवळच्या जखमेत एक कडक गाठ येते, मग ती फुटते, पाणी येत राहतं. नेहमीची अँटिबायोटिक चालत नाहीत. पू साध्या कल्चरला पाठवला तर अहवाल येतो, वाढ नाही. शेवटी कुणाला तरी शंका येते आणि मायकोबॅक्टेरियाचं कल्चर लावलं जातं. त्यात टीबीच्या जंतूचे ते दूरचे भाऊबंद सापडतात, चेलोनी किंवा फॉर्टुइटम. मग क्लॅरिथ्रोमायसिन महिनोन्‌महिने, कधी अमिकासिनची इंजेक्शनं, कधी जखम पुन्हा कापून काढावी लागते. पित्ताशयाचा खडा काढायला आलेली बाई वर्षभर ड्रेसिंगला येत राहते. हे जंतू नळाच्या पाण्यात असतात आणि धुण्यातल्या हलगर्जीपणामुळे पोटात जातात.

समर्थक : मॅडम, हे रुग्ण मीही पाहिलेत, आणि त्यांचा त्रास मला तुमच्याइतकाच लागतो. पण तुम्ही दिलेलं उदाहरण नीट तपासू. हा आजार प्रामुख्यानं कुठल्या हत्यारांमुळे झाला? स्टीलचे ट्रोकार, ग्रास्पर, दुर्बीण. म्हणजे कंपनीनंच पुन्हा वापरा म्हणून विकलेली हत्यारं. ती दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात ग्लुटाराल्डिहाइडच्या ट्रेमध्ये बुडवायची, काढायची आणि पाण्यानं विसळून टेबलावर घ्यायची, ही जी पद्धत पडली, तिनं हा आजार दिला. ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोत २००६-०७ मध्ये हेच झालं. ६३ रुग्णालयांत एक हजारांहून अधिक संशयित रुग्ण निघाले, आणि तिथला जंतू २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडला दाद देत नव्हता. २००९ मध्ये त्या देशानं अशी हत्यारं द्रावणात बुडवून निर्जंतुक करण्यावर बंदी घातली. बंदी पुनर्वापरावर नव्हती, बुडवण्यावर होती.

२०१५ मध्ये लॉस एंजेलिसला यूसीएलएच्या रुग्णालयात ड्युओडेनोस्कोपमधून औषधांना न जुमानणारे जंतू पसरले. ती दुर्बीणही पुनर्वापरासाठीच बनवलेली होती, आणि धुण्याच्या सूचना पाळूनही संसर्ग झाला होता. म्हणजे पाकिटावरचा शिक्का संरक्षण देत नाही, दोन्ही बाजूंनी देत नाही. पुन्हा वापरा म्हटलेली वस्तू घातक ठरू शकते आणि एकदाच वापरा म्हटलेली वस्तू सुरक्षित राहू शकते. मग रेघ दुसरीकडेच ओढायला हवी.

साशंक : कुठे?

समर्थक : कोण धुतो, कसं तपासतो आणि जबाबदारी कुणाची, इथे. अमेरिकेत एफडीएनं २००० साली धोरण काढलं : एकदाच वापरायचं उपकरण जो पुन्हा तयार करतो, तो उत्पादकच. मग ते रुग्णालय असो की बाहेरची कंपनी. नव्या उत्पादकाला जे नियम, तेच त्याला. २००२ च्या कायद्यानं आणखी पुढे जाऊन कित्येक उपकरणांसाठी आकडेवारी मागितली : इतक्या वेळा धुऊन, निर्जंतुक करूनही हे नव्यासारखंच काम करतं, ते दाखवा. परिणाम काय झाला? बहुतेक रुग्णालयांनी स्वतः धुणं बंद केलं आणि हे काम मोठ्या कारखान्यांकडे गेलं. तिथे प्रत्येक नगाला ओळखक्रमांक असतो, तो कितव्यांदा आला हे यंत्राला माहीत असतं, मर्यादा संपली की तो बाद होतो. हार्मोनिकच्या जातीची उपकरणंसुद्धा तिथे रीतसर मंजुरी घेऊन पुन्हा विकली जातात. २००८ मध्ये जीएओनं याचा आढावा घेतला आणि पुनर्प्रक्रिया केलेल्या उपकरणांमुळे धोका वाढल्याचं दिसत नाही, असं सांगितलं. युरोपातही २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमावलीतलं सतरावं कलम हेच म्हणतं. ज्या देशाचा कायदा परवानगी देतो तिथेच पुनर्प्रक्रिया करता येते, आणि ती करणारा उत्पादक मानला जातो. जर्मनीत ही पद्धत कितीतरी वर्षं रुळलेली आहे.

साशंक : तुम्ही फार महत्त्वाचं बोललात, पण त्यातून निघणारा निष्कर्ष तुमच्या बाजूचा नाही. जीएओच्या त्याच अहवालात हेही म्हटलं आहे : उपलब्ध माहिती इतकी काटेकोर नाही की पुनर्प्रक्रिया केलेल्या आणि नव्या उपकरणांची पक्की तुलना करता यावी. धोका दिसला नाही आणि धोका नाही, या दोन गोष्टी एक नव्हेत. ज्याला तीन आठवड्यांनी गाठ येते तो आपल्या जखमेचा संबंध हत्याराशी जोडतच नाही, त्याचा डॉक्टरही बहुधा जोडत नाही. नोंदच होत नाही, तर ती आकडेवारीत कुठून येणार?

तरी अमेरिकेचा अहवाल मी मान्य करते. पण तो कशाबद्दल आहे? परवाना असलेल्या, तपासणीखालच्या कारखान्याबद्दल. आपल्याकडे काय आहे? मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ साली आले, २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली. पण हे नियम बनवणाऱ्याला, आयात करणाऱ्याला, विकणाऱ्याला बांधतात. रुग्णालयानं स्वतःच्या सीएसएसडीत, म्हणजे निर्जंतुकीकरण विभागात, धुऊन पुन्हा वापरलेल्या उपकरणासाठी त्याला उत्पादक म्हणून परवाना काढावा लागत नाही. एनएबीएचचं मानांकन हवं असेल तर लेखी कार्यपद्धती लागते, हे खरं. पण मानांकन ऐच्छिक आहे, आणि तुमच्या तालुक्यातली किती रुग्णालयं ते घेतात, ते तुम्हीच सांगा. तिथल्या पाऊचवर मार्कर पेननं लिहिलेला आकडा असतो : १, २, ३. पाऊच फाडला की तो आकडा कचऱ्यात जातो. पुढचा आकडा कोण लिहितो? सिस्टरला जो आठवतो तो.

अमेरिकेतल्या कारखान्याचे पुरावे दाखवून आपल्या मागच्या खोलीतल्या बादलीचं समर्थन होऊ शकत नाही. पुनर्प्रक्रियेच्या बाजूनं बोलणारे सगळेच, आणि त्यात चांगली माणसं असतात, ही उडी नकळत मारतात.

समर्थक : मी बादलीचं समर्थन करत नाही. पण नवं म्हणजे निर्धोक, ही जी समजूत तुमच्या बोलण्याच्या मागे उभी आहे, तिलाही धक्का द्यायला हवा. ब्रिटनचं उदाहरण घ्या. १९९६ मध्ये तिथे वेड्या गाईच्या रोगाचा माणसातला प्रकार, व्हीसीजेडी, जाहीर झाला. त्याची प्रायॉन नावाची रोगकारक प्रथिनं टॉन्सिलमध्ये सापडत, ती स्टीलला चिकटत आणि नेहमीच्या ऑटोक्लेव्हला जुमानत नसत. म्हणून २००१ च्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये टॉन्सिलच्या ऑपरेशनला एकदाच वापरायची हत्यारं सक्तीची झाली. पोरांच्या ऑपरेशनांत प्रत्येक वेळी कोरं करकरीत हत्यार. याहून सुरक्षित काय असणार? पण रक्तस्राव वाढले, मुलं पुन्हा दाखल होऊ लागली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जुनी, धुऊन वापरायची हत्यारं परत आणावी लागली. संसर्गाचा जो धोका टाळायचा होता तो कागदावरच्या गणिताचा होता, रक्तस्राव मात्र समोर होता. घाईघाईत, स्वस्तात बनवलेलं नवं हत्यार सर्जनच्या हातात नीट बसत नाही, चिमट्याची टोकं जुळत नाहीत. ओटीत या गोष्टीची किंमत मोजावी लागते.

साशंक : उदाहरण बरोबर आहे, पण अर्धंच आहे. त्यानंतर, २००३-०४ मध्ये, तिथे देशभर टॉन्सिलच्या ऑपरेशनांची पाहणी झाली. त्यात ३३ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद होती. त्यातून दिसलं ते असं की रक्तस्रावाचा मोठा संबंध उष्णतेनं कापण्याच्या, डायथर्मीच्या तंत्राशी आहे. म्हणजे दोष एकट्या नव्या हत्यारांवर ढकलता येत नाही. तरी तुमचा मूळ मुद्दा मी घेते. नवं हत्यारही वाईट असू शकतं, आणि एका धोक्याकडे टक लावून बसलं की दुसरा मागून येतो.

पण मला या गोष्टीतली वेगळीच बाब मोलाची वाटते. इंग्लंडला आपली चूक अकरा महिन्यांत कळली. का कळली? कारण कुणीतरी मोजत होतं. कुठलं हत्यार, कुठल्या रुग्णाला, पुढे काय झालं, याची साखळी जोडता येत होती. तुमच्या-माझ्या रुग्णालयात उद्या अशीच चूक झाली तर ती कितव्या महिन्यात कळेल? मला वाटतं, कळणारच नाही.

समर्थक : हे मात्र खरं आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

साशंक : मग आता पैशांकडे येऊ, कारण तुम्ही सुरुवात तिथून केलीत. पुनर्वापरामुळे पैसे वाचतात. कुणाचे? योजनेतल्या रुग्णाचं सोडा, खिशातून पैसे भरणाऱ्याचं पाहा. २०१७ च्या फेब्रुवारीत स्टेंटच्या कमाल किमती ठरल्या, साधा ७,२६० रुपये, औषधाचा लेप असलेला २९,६०० रुपये. पण त्याच अँजिओप्लास्टीत लागणारा बलून, गाइडवायर, गाइड कॅथेटर यांच्यावर तशी मर्यादा आली नाही. आणि नेमक्या याच वस्तू धुऊन पुन्हा वापरल्या जातात. पुढच्या वर्षी राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानं दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली. काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला होता, आणि त्या वस्तू नव्या होत्या. आता त्यात धुतलेली वस्तू घाला. तिसऱ्या रुग्णाला वापरलेला बलून नव्याच्या छापील किमतीला लावला, तर ती बचत नव्हे. तो उघड उघड दरोडा आहे, आणि तो माणूस टेबलावर आडवा असताना घातलेला आहे. त्याला विचारलेलं नसतं, सांगितलेलं नसतं, आणि बिलावर नवीन म्हणून ओळ असते.

समर्थक : यावर आपल्यात काडीचाही वाद नाही. धुतलेली वस्तू नव्या दरानं लावणाऱ्याला माझा पाठिंबा नाही, त्याच्यावर गुन्हा दाखल व्हावा. पण मी ज्या माणसाबद्दल बोलतोय तो वेगळा आहे. त्याला बिलच येत नाही. त्याच्या बाबतीत बचत म्हणजे त्याचं ऑपरेशन होणं. तुम्ही उद्या पुनर्वापर बंद केलात तर त्याच्या वाट्याला नवं उपकरण येणार नाही. त्याच्या वाट्याला जिल्ह्याची प्रतीक्षायादी येईल.

साशंक : इथे मी तुम्हाला अडवते, कारण हा युक्तिवाद फार जोरकस आहे आणि म्हणूनच फसवा आहे. पित्ताशय काढायला हार्मोनिक लागतोच का? तुमच्या गुरूंनी आणि त्यांच्या पिढीनं हजारो पित्ताशयं साध्या हुकनं, कॉटरीनं आणि टायटॅनियमच्या क्लिपनं काढली. क्लिप सोडल्या तर ती हत्यारं स्टीलची आहेत. त्यांतली बरीचशी सुटी होतात, आतून ब्रश फिरवता येतो, १३४ अंशांवर ऑटोक्लेव्ह करता येतात, डोळ्यासमोर धरून पाहता येतात. तुम्ही मला दोनच पर्याय दाखवले, महाग नवं किंवा धुतलेलं जुनं. तिसरा पर्याय पहिल्यापासून तुमच्या कपाटात आहे : पुन्हा वापरण्यासाठीच घडवलेलं, उघडून धुता येणारं हत्यार. एकदाच वापरायच्या वस्तूंनी बाजार भरला, त्यात सर्जनच्या सोयीचा आणि वेगाचा वाटा मोठा आहे. गरिबाचं नाव नंतर जोडलं गेलं.

समर्थक : लागलं, आणि बरोबर लागलं. सरळ पित्ताशयासाठी मी हार्मोनिक सोडू शकतो, बरेच जण सोडतातही. कुठे सोडू शकत नाही ते सांगतो. मोठ्या आतड्याचं ऑपरेशन, थायरॉइड, अवघड गर्भाशय. तिथे वेळ वाचतो, रक्त वाचतं, आणि आमच्याकडे रक्तपेढी हाकेच्या अंतरावर नसते. आणि दुसरं क्षेत्र, हृदयाची विद्युत तपासणी. हृदयाच्या ठोक्यांतला बिघाड शोधायला जी ईपी कॅथेटर आत घालतात, त्यांना स्टीलचा पर्यायच नाही. ती महाग आहेत, एकेका रुग्णाला चार-पाच लागू शकतात, आणि देशातल्या कित्येक केंद्रांत ती पुन्हा वापरली जातात म्हणूनच सामान्य माणसाचा धडधडीचा आजार कायमचा बरा होतो. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये याच कॅथेटरचा अभ्यास मांडला. पुनर्प्रक्रिया केलेलं कॅथेटर वापरलं तर हवामानावरचा भार नव्याच्या तुलनेत सुमारे निम्मा होतो. पर्यावरणाचा मुद्दा मी मुद्दाम लांबवत नाही. पण नवं म्हणून वापरलेलं कॅथेटरही शेवटी लाल पिशवीतून सामायिक केंद्रात जातं, तिथे निर्जंतुक होतं आणि मग त्याचे तुकडे होतात. एक चांगली वस्तू आपण निर्जंतुक करून फोडतो.

साशंक : पर्यावरणाचा भार रुग्णाच्या हृदयावर टाकू नये, एवढंच मी म्हणेन. बाकी ईपी कॅथेटरचं उदाहरण तुमच्या सगळ्या बोलण्यातलं सर्वांत बळकट आहे. बरीचशी भरीव असतात, आत पोकळ नळी नसते, टोकाचे इलेक्ट्रोड भिंगाखाली दिसतात, विद्युतरोध मोजता येतो. म्हणजे तुम्ही नकळत माझ्याच कसोटीवर आलात : उपकरण तपासता येतं का? बलूनचं तसं नाही. तो एकदा फुगला की त्याची घडी पहिल्यासारखी बसत नाही, आणि आत राहिलेलं रक्त दिसत नाही.

समर्थक : मग ही कसोटी आपण आधीच एका ठिकाणी लावलेली आहे, ते तुमच्या लक्षात आणून देतो. डायलिसिस. डायलायझर आपल्या देशात सर्रास पुन्हा वापरतात. पण कसा? त्यावर रुग्णाचं नाव असतं, तो फक्त त्याच रुग्णाला लावतात. हिपॅटायटिस बी असलेल्याचा पुन्हा वापरत नाहीत. प्रत्येक वेळी त्यातल्या बारीक नळ्यांत किती पाणी मावतं ते मोजतात, आणि ते मूळच्या ८० टक्क्यांखाली गेलं की टाकून देतात. मशीनशेजारी बसलेली बायको विचारते, आज कितवा? टेक्निशियन सांगतो. रुग्णाला माहीत आहे, आकडा आहे, बाद करायची मर्यादा आहे. आपल्या देशात, आपल्या तोकड्या साधनांत हे जमलं आहे. मग हार्मोनिकच्या आणि कॅथेटरच्या बाबतीत न जमायला काय झालं?

साशंक : तिथे स्वतःचंच रक्त स्वतःला मिळतं, हा मोठा फरक आहे. चुकलं तरी सहसा एका माणसाचा जंतू दुसऱ्याला जात नाही. पण तुमचा मुद्दा मला हलवतो, ते लपवत नाही. डायलायझरमध्ये मला पटतं ते धुणं नव्हे, तर दर वेळचं मोजमाप आणि ठरलेली मर्यादा. हार्मोनिकच्या त्या पट्टीसाठी असं मोजमाप दाखवा. किती चर पडली की बाद? नळीतून काढलेल्या पाण्यात किती प्रथिनं सापडली की बाद? प्रथिनं तपासायच्या पट्ट्या बाजारात मिळतात. तुमच्या रुग्णालयात त्या शेवटच्या कधी मागवल्या? निर्जंतुकीकरण झालं की नाही हे तपासणाऱ्या स्पोअर टेस्टची नोंदवही दाखवा. ईटीओच्या वायूचा अंश निघून जायला उपकरण तासन्‌तास उघड्या हवेच्या कपाटात ठेवावं लागतं. सकाळची यादी लांबली, उपकरण हवं होतं, म्हणून ते कधीच लवकर काढलं गेलं नाही, अशी लेखी खात्री द्या. हे सगळं असेल तर माझा विरोध गळून पडेल. नसेल, तर आपण रुग्णाच्या पोटात एक अंदाज घालतोय.

समर्थक : ते एकेका लहान रुग्णालयाला जमणार नाही, हे मी कबूल करतो. पण म्हणून बंदी हा उपाय नाही. बंदी घाला, आणि आज जे सीएसएसडीत चाललंय ते रात्री स्टोअररूममध्ये चालेल. पाऊचवर आज निदान आकडा तरी असतो, उद्या तोही नसेल. माझी सूचना साधी आहे. बायोमेडिकल कचऱ्यासाठी २०१६ च्या नियमांनी काय केलं ते पाहा. प्रत्येक पिशवीला बारकोड, आणि सगळ्या रुग्णालयांचा कचरा सामायिक केंद्रात. रोज गाडी येते, वजन होतं, नोंद होते. कचरा नेण्यासाठी जी यंत्रणा उभी राहू शकली, तीच उपकरणं आणण्यासाठी का नाही? विभागवार परवाना असलेली पुनर्प्रक्रिया केंद्रं काढा. त्यांना उत्पादकाचे सगळे नियम लावा. प्रत्येक नगावर कायमचा क्रमांक कोरा. यादीतल्या ठरावीक उपकरणांनाच परवानगी द्या, बलूनसारखी वगळा. आणि ज्या दरात केंद्रानं दिलं, तोच दर रुग्णाच्या बिलावर, त्यावर एक रुपयाही नको.

साशंक : हे झालं तर मी त्याचं स्वागत करेन, मनापासून. पण ते आज नाही. आणि आपला मतभेद नेमका त्या मधल्या काळाबद्दल आहे. ते केंद्र उघडेपर्यंत जो माणूस टेबलावर येणार, त्याच्याबद्दल. तुम्ही म्हणता, तोवर जमेल तसं चालू द्या. मी म्हणते, जे आतून दिसत नाही, मोजता येत नाही, ते तोवर एका माणसाचं दुसऱ्याला नको.

समर्थक : आणि मी विचारतो, त्या माणसाला परत पाठवण्याची जबाबदारी कोण घेणार? तुम्ही घ्याल?

साशंक : मी घेऊ शकत नाही. तुम्हीही त्याच्या वतीनं धोका पत्करू शकत नाही. हा निर्णय आपल्या दोघांचा नाहीच. त्याचा आहे, आणि आज त्याच्यापर्यंत तो पोचतच नाही. ऑपरेशनच्या आदल्या रात्री जिथे तो अंगठा उमटवतो किंवा सही करतो, त्या संमतीपत्रावर भूल, रक्त, जिवाचा धोका, सगळं छापलेलं असतं. हे नसतं.

समर्थक : सांगितलं तर बरेच जण घाबरून नको म्हणतील.

साशंक : काही म्हणतील. काही विचारतील की नवं किती पडेल, आणि पदरमोड करून आणतील. काही म्हणतील, डॉक्टर, तुम्ही कराल ते. तिन्ही उत्तरं त्यांची असतील. मी तुमच्याशी बाकी सगळ्यावर पुढेही भांडत राहीन, पण एवढं आपण दोघं मिळून मागू शकतो. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, केंद्र लागत नाही, यंत्र लागत नाही. एका ओळीची छपाई लागते.

समर्थक : ती ओळ मी माझ्या संमतीपत्रावर घेईन. कितव्यांदा वापरतोय तो आकडाही लिहीन. पण पॅकेजमधल्या रुग्णासाठी वापर थांबवणार नाही.

साशंक : आणि मी त्याला विरोध करणं थांबवणार नाही. वाचणाऱ्यांना मात्र माझी विनंती आहे. घरातल्या कुणाचं ऑपरेशन ठरलं, तर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा : वापरणार ते उपकरण नवं आहे की धुतलेलं, धुतलेलं असेल तर कितव्यांदा, आणि बिलात ते कुठल्या दरानं लागणार. उत्तर लेखी मागा.